महासत्ता आणि हिरवी मिरची

जळगावच्या दाणाबाजारात भिकमचंदशेठच्या डाळमिलची पेढी होती आणि त्या पेढीच्या ओट्यावर रोज संध्याकाळी साडेपाच ते सव्वासहा जगाचा कारभार चाले. आधी अमेरिकेचा, मग रशियाचा, मग चीनचा, आणि वेळ उरलाच तर जळगावच्या नळांचा. मुंबईचा पेपर दुपारच्या गाडीने यायचा. मुनीमजी त्यातले बाजारभाव पाहून घ्यायचे, आणि साडेपाचच्या ठोक्याला तो पेपर लीलाधर भंगाळे यांच्या हातात जायचा. ते मोठ्याने वाचणार, बाकीच्यांनी ऐकायचं. मध्येच थांबून मत देण्याचा अधिकार फक्त वाचणाऱ्याला. इतरांनी मत द्यायचं ते बातमी संपल्यावर, आणि तेही थोडक्यात. नऊ वर्षांत हा नियम कुणी मोडला नव्हता.

आता कुणी म्हणेल, पेपर वाचण्यात एवढं काय मोठं? असं म्हणणाऱ्याने सरकारी कचेरीत हेडक्लार्की केलेली नसणार. लीलाधरभाऊ एक्कावन्न वर्षांचे होते. कचेरीत त्यांनी तोंड उघडलं की साहेब म्हणत, "भंगाळे, ते लेखी द्या." घरी तोंड उघडलं की प्रमिलाबाई म्हणत, "अहो, ते राहू द्या, आधी गिरणीतून दळण आणा." चोवीस तासांत पंचेचाळीस मिनिटं अशी होती की लीलाधरभाऊ बोलत आणि चार माणसं माना डोलवत. त्या पंचेचाळीस मिनिटांवर उरलेला दिवस निघत असे.

आणि मतं तरी कशी, तर एकेक रोखठोक! चीन सारखा दुसऱ्याच्या बांधावर का जातो? भात खातो म्हणून. भात लवकर पचतो, माणूस पुन्हा भुकेला, पुन्हा बांधावर. रशिया शहाणा का? थंडीमुळे. थंडीत माणूस घरात बसतो, घरात बसला की विचार करतो. महागाई का वाढली? नाणी लहान केली म्हणून. लहान नाणं हातातून लवकर सुटतं. त्या हिवाळ्यात, म्हणजे अडुसष्टच्या डिसेंबरात, अमेरिकेची माणसं चंद्राला फेरी मारून येणार अशी बातमी होती. त्यावर लीलाधरभाऊ एवढंच म्हणाले, "जाऊ द्या बिचाऱ्यांना. पण आधी माझ्या माडीवर नळाचं पाणी चढवून दाखवा म्हणावं."

या सुखी संसारात खडा पडला तो रुपचंदमुळे. रुपचंदचं समोरच रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस तसा बरा, पण हल्ली काखेत ट्रान्झिस्टर मारून ओट्यावर यायला लागला होता. लीलाधरभाऊंनी चष्मा लावून, घसा साफ करून मथळा वाचायला घ्यावा, आणि ह्याने म्हणावं, "ते काल रात्रीच सांगितलं रेडिओवर." एकदा नाही, दर मथळ्याला. पेपर नव्हे, आदल्या दिवशीची भाकरी वाढतोय असं लीलाधरभाऊंना वाटायला लागलं. पण करणार काय? विद्युतलहरींशी भांडता येत नाही.

तर त्या दिवशी पहिल्या पानावर व्हिएतनाम होतं. रुपचंदने तोंड उघडायच्या आत लीलाधरभाऊंनी पेपर मांडीवर ठेवला आणि ताजं, कुठल्याही रेडिओवर न आलेलं मत दिलं.

"अमेरिका ही लढाई जिंकणार नाही. कारण सोपं आहे. त्या मुलखात मिरची पिकते, आणि अमेरिकन माणसाला तिखट सोसत नाही. ज्याला जिथलं जेवण सोसत नाही त्याने तिथे लढायला जाऊच नये."

भिकमचंदशेठ हळूच म्हणाले, "वा! बात तो सही आहे." केळीवाला कौतिक तर मांडीवर थाप मारून मोकळा झाला. रुपचंदला मात्र ते खपलं नाही.

"लीलाधरभाऊ, तुम्ही अमेरिकन माणूस मिरची खाताना पाहिलाय का कधी?"

"तू पाहिलायस?"

"मिरची खाताना नाही, पण माणूस माहितीय. धुळ्याकडे माझ्या मेव्हण्याच्या गावी दोन वर्षांपासून एक राहतो. कोंबड्या कशा पाळायच्या ते शिकवतो. त्याचा ट्रान्झिस्टर दुरुस्तीला माझ्याकडेच येतो. बोलवू? खाऊ घाला मिरची, होऊन जाऊ द्या!"

एवढ्यावर शहाणा माणूस हसून पुढची बातमी वाचतो. पण ओट्यावर नऊ वर्षं बसलेला माणूस शहाणा असेलच असं नाही. लीलाधरभाऊ म्हणाले, "बोलव." मग रुपचंद म्हणाला, "आणि तुमचं खोटं ठरलं तर?" मग ओट्यावरचा कुणीतरी म्हणाला, "तर पेपर रुपचंद वाचेल." आणि लीलाधरभाऊंच्या तोंडून निघून गेलं, "बेशक!"

शर्त ठरली ती अशी. कौतिकच्या मळ्यात रविवारी दुपारी भरीत करायचं. पाहुण्याला पोटभर वाढायचं. पानावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत पाहुण्याच्या डोळ्यांतून पाण्याचा एक थेंब आला, तर लीलाधरभाऊ जिंकले, रुपचंदने ट्रान्झिस्टर ओट्यावर आणायचा नाही. नाही आला, तर पेपर रुपचंदचा, कायमचा. पंच भिकमचंदशेठ. जैन माणूस, वांग्याला शिवत नाही, तेव्हा भरिताच्या बाबतीत याच्याहून निष्पक्ष पंच खानदेशात मिळायचा नाही. लीलाधरभाऊंनी पाहुण्याच्या मांडीला मांडी लावून तेच भरीत खायचं, अशी एक पुरवणी रुपचंदने जोडली. लीलाधरभाऊंना पित्त होतं आणि तीन वर्षांपासून ते वरणभातावर होते, हे पुरवणी मान्य करून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

सुरुवातीला माणसं ठरली सहा. सोमवारी ती पंधरा झाली. मंगळवारी सुवर्णपेठेत बातमी गेली की भंगाळे अमेरिकेला जेवायला घालताहेत, आणि आकडा चाळीसवर गेला. गुरुवारी कचेरीतल्या साहेबांनीच विचारलं, "भंगाळे, रविवारचं काय ते?" आणि पहिल्यांदाच 'लेखी द्या' म्हणाले नाहीत. लीलाधरभाऊंना 'नाही' म्हणायचा धीर कुठून होणार? शुक्रवारी मोजणी केली तर नव्वद!

आता आली पंचाईत. त्या काळी धान्याची टंचाई. पाहुणे-नियंत्रणाचा हुकूम होता, पंचवीस माणसांच्या वर धान्याचं जेवण वाढायची बंदी. दुसरा कुणी असता तर गुपचूप उरकून मोकळा झाला असता. पण लीलाधरभाऊ हेडक्लार्क. त्यांनी अर्ज केला. विषय: परदेशी इसमास भरीत खाऊ घालणेबाबत.

पुरवठ्याच्या खिडकीवरचा कारकून अर्ज दोनदा वाचून म्हणाला, "भरीत धान्यात येतं का?"

"नाही. वांगं भाजीपाला."

"पण त्याच्याबरोबर पुरी असणार."

"असणार."

"पुरी धान्य. म्हणजे पुरी पंचविसांना. बाकी पासष्ट जणांनी भरीत नुसतं खायचं. आणि परदेशी इसम म्हणताय, तर ते आमच्याकडे नाही, पोलिसांकडे."

पोलिसांकडे हिलाल हवालदार होता. त्याने विचारलं, परदेशी इसम मुक्काम करणार का? नाही. मग कशाला आलात? लीलाधरभाऊ म्हणाले, माहितीसाठी. हिलाल हवालदार म्हणाला, "भाऊ, अर्जात 'डोळ्यांतून पाणी काढणेकामी' असं लिहिलंय तुम्ही. हे असं लेखी माझ्याकडे आलं, तर मला चौकशी करावी लागेल." लीलाधरभाऊंनी अर्ज परत घेतला आणि तीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच एक कागद स्वतःच्या हाताने फाडला. हवालदार मात्र बंदोबस्तासाठी येतो म्हणाला. एक्क्याण्णव.

तिकडे मिरचीवरून निराळंच पेटलं होतं. रुपचंदचं म्हणणं, तिखट नेहमीचंच हवं, एकही मिरची जास्त नको, नाहीतर ते विषप्रयोग होईल. लीलाधरभाऊंचं म्हणणं, नेहमीचं म्हणजे किती ते आकड्यात सांगा. कौतिकला विचारलं. तो तीस वर्षं भरीत करत आलेला, बामणोदची वांगी हातात घेऊन वजनावरून आत बी किती ते सांगणारा माणूस. तो चिडूनच गेला.

"मी कधी मिरच्या मोजल्या नही भाऊ. भरीत हातानं व्हतं, वहीनं नही!"

शेवटी पंचांनी निवाडा दिला की कौतिकने डोळे मिटून ओंजळी भराव्यात. शेजारच्या चिंधाआप्पांनी लीलाधरभाऊंना बाजूला घेऊन सल्ला दिला की आदल्या रात्री चमचाभर तूप पिऊन झोपा, मिरची आत गेली तरी चिकटत नाही. लीलाधरभाऊ चमचाभर तूप प्यायले. मिरचीचं पुढे काय झालं ते येईलच, पण रविवारी सकाळी त्यांना तीनदा परसाकडे जावं लागलं.

या सगळ्यात प्रमिलाबाई एकदाच बोलल्या. दळणाचा डबा त्यांच्या हातात देत म्हणाल्या, "अहो, घरी बोलावलेल्या पाहुण्याला रडवायचं, ही कुठली रीत? कुणाचं तरी पोर असेल ते."

"हा शास्त्रीय प्रयोग आहे," लीलाधरभाऊ म्हणाले.

"असेल. दही देते बरोबर. शास्त्राला लागलं तर वाढा."

रविवारी नऊ वाजता लीलाधरभाऊ कोट घालून, झेंडूचा हार घेऊन स्टेशनवर हजर. अमेरिकन माणूस म्हणजे पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. धुळ्याकडची एक गाडी गेली, दुसरी गेली. पहिल्या वर्गातून एक वकील आणि एक नवरी-नवरा उतरले. हाराकडे पाहून नवरदेवाने मान पुढे केली, तेव्हा लीलाधरभाऊंना फार ओशाळल्यासारखं झालं. साडेअकराला हार तसाच हातात घेऊन ते टांग्याने मळ्यावर पोचले. तिथे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, पळकाट्यांचा जाळ पेटला होता आणि वांगी त्यात भाजत होती. जाळाशी एक उंच पोरगा पायजमा-सदऱ्यात उकिडवा बसून काठीने वांगी उलटत होता. डोक्याला पंचा, तोंड काळंमिचकुट.

"काय रे, अमेरिकन आला का?" लीलाधरभाऊंनी विचारलं.

पोरगा उठून उभा राहिला. डोळे निळे होते. "आबा, मीच तो," तो म्हणाला. "एस्टीनी उनू सकाळीच."

एक्कावन्नाव्या वर्षी 'आबा'! हार त्यांनी त्याच्या गळ्यात घातला, पण मनात काहीतरी खचलं ते खचलंच. त्याचं नाव डेव्हिड. गावाने त्याचा देविदास करून टाकला होता आणि तोही देविदास म्हटलं की ओ द्यायचा. एवढ्या अस्सल अहिराणीत बोलत होता की कौतिकनेच दोनदा विचारलं, "काय म्हनला?"

भरीत तयार झालं. भाजलेली वांगी सोलून लाकडी भांड्यात मुसळीने घोटली. भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेलाची फोडणी. हवालदार बंदोबस्ताला उभा, बाकी नव्वद माणसं केळीच्या पानांवर बसली. पुऱ्या पहिल्या पंचवीस पानांवर, पुढे नुसतं भरीत. पुरवठ्याच्या खिडकीवरचा कारकून पाहणीला आला होता, तो सव्विसावा. त्याने स्वतःच्या पानावर पुरी वाढू दिली आणि मान फिरवून केळीच्या बागेकडे बघत बसला.

देविदास आणि लीलाधरभाऊ शेजारी शेजारी. समोर खुर्चीवर पंच, चष्मा पुसून तयार. शर्तीतलं अक्षर पाहुण्याला सांगायचं नाही असं ठरलं होतं, त्यामुळे नव्वद माणसं आपल्या डोळ्यांकडे का बघताहेत हे त्या बिचाऱ्याला कळेना. त्याने पहिला घास घेतला. मग दुसरा. मळा एवढा शांत झाला की मोटेवरच्या बैलाने मान हलवली तर घुंगरू ऐकू यावं.

लीलाधरभाऊंनीही पहिला घास घेतला. देवा रे देवा! तीन वर्षं वरणभातावर काढलेल्या जिभेवर कौतिकची ओंजळ उतरली. कानांतून वाफ निघाली. दुसऱ्या घासाला नाकाला धार लागली आणि तिसऱ्याला दोन्ही डोळ्यांतून टपटप टपटप. "भारत आउट!" रुपचंद ओरडला आणि सगळा मळा खो खो हसला. शास्त्राला दही लागलं ते असं.

देविदासने पान पुसून काढलं. मग पान पुढे सरकवून फार संकोचाने म्हणाला, "भाऊ, भरीत गंज भारी शे. पन जरा मिरची कमी शे. आखो शे का?"

संपलं! रुपचंद उडी मारून उठला. हात धुवायला तांब्या आणायला निघालाच तो. नऊ वर्षांचा मान तांब्याभर पाण्यात वाहून जाणार होता. लीलाधरभाऊ दह्याची वाटी हातात धरून नुसते बसले होते. उद्यापासून साडेपाचला आपण काय करायचं, असा साधाच प्रश्न त्यांच्यापुढे उभा होता.

तेवढ्यात देविदासने विचारलं, "बठ्ठा लोक मना डोळाकडे का पाही ऱ्हायनात?"

आता लपवण्यात काय अर्थ? लीलाधरभाऊंनी नाक पुसत पुसत सगळं सांगितलं. तिखट, व्हिएतनाम, शर्त, पेपर, सगळं. देविदास आधी खदखदून हसला. एवढा हसला की ठसका लागला. म्हणाला, "आबा, तुमचं खरं शे!" मग हसता हसताच त्याचा आवाज खाली आला.

"मना भाऊ तठे शे, व्हिएतनाममा. धाकला. लष्करमा स्वयंपाकी. त्याचं पत्र उनं व्हतं दिवाळीला. लिखं व्हतं, तठली मिरची कोणालेच सोसत नही, बठ्ठा पोरं रडतस, आनि म्हनतस आमले घर जाऊ द्या." तो थांबला. "त्यानंतर पत्र नही उनं."

आणि उष्ट्या पानावर, कौतिकने आणखी वाढलेल्या भरिताच्या शेजारी, त्याच्या डोळ्यातलं पाणी पडलं.

भिकमचंदशेठ पंच. मळ्यातल्या गलक्यात त्यांना ऐकू काही आलं नव्हतं, दिसलं मात्र स्वच्छ. खुर्चीवरून उठून त्यांनी हात वर केला. "पाणी आलं! हात धुवायच्या आधी आलं! लीलाधर जीत गया!"

नव्वद माणसं ओरडली. मागच्या पासष्टांना पुरी मिळाली नव्हती, त्यांनी तर सगळा राग ओरडण्यात काढला. रुपचंद तांब्या हातात घेऊन जागच्या जागी उभा राहिला. शर्तीचं अक्षरन् अक्षर बघा: एक थेंब, पानावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत. हेडक्लार्कला याहून पक्का कागद कुठला हवा? आणि खरं सांगायचं तर लीलाधरभाऊंच्या मनात क्षणभर आलंही तसं. साडेपाचचा ओटा डोळ्यांसमोर येऊन गेला.

मग ते उठले. तोंड अजून भाजतच होतं, त्यामुळे शब्द नीट निघेनात.

"शेठजी, निकाल फिरवा. ते मिरचीचं पाणी नाही."

"पण शर्तीत तर लिवलं आहे..."

"मी सांगतो ना, मिरचीचं नाही ते! शेजारी मी बसलो होतो. मी हरलो. पेपर रुपचंदचा." आणि दह्याची वाटी त्यांनी देविदासच्या पानावर रिकामी केली. "खा रे बाबा. आमच्या घरून आलंय. येईल पत्र, टपाल खातं कुठलंही असो, ते उशीरच करतं. खा."

देविदास संध्याकाळच्या एस्टीने धुळ्याला गेला. जाताना कौतिकने त्याला वांग्यांची पिशवी दिली, लीलाधरभाऊंनी दह्याचा डबा दिला, आणि तो डबा प्रमिलाबाईंनी परत मागवला नाही.

सोमवारी साडेपाचला पेपर रुपचंदच्या हातात गेला. ट्रान्झिस्टर त्याने आपणहून दुकानात ठेवला होता. लीलाधरभाऊ ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, ऐकणाऱ्यांत बसले. रुपचंदचं वाचन म्हणजे काय सांगावं, पूर्णविराम दिसला की हा पुढच्या वाक्यात घुसायचा. पहिल्या पानावर पुन्हा व्हिएतनाम. एवढे ठार, तेवढे जखमी, असं वाचून तो रिवाजाप्रमाणे मत द्यायला थांबला, आणि मत न देताच पुन्हा तोच आकडा वाचला.

"नावं देतात का रे त्यात?" लीलाधरभाऊंनी विचारलं.

रुपचंदने खालपर्यंत बोट फिरवलं. "नाही भाऊ. नुसता आकडा आहे."

भिकमचंदशेठ ओट्याच्या दुसऱ्या टोकाकडे वळून म्हणाले, "मग लीलाधरभाऊ, तुम्हाला काय वाटतं? किती दिवस चालेल ही लढाई?"

लीलाधरभाऊंनी चष्मा काढला, धोतराने पुसला, परत लावला. "मला काय माहीत," ते म्हणाले.

ओट्यावर असं वाक्य नऊ वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं. रुपचंदने पेपर घडी करून ठेवला. लीलाधरभाऊ घरी पोचायच्या आत त्या वाक्याची बातमी गल्लीतून पुढे पोचली होती. दारात प्रमिलाबाई उभ्या. त्यांनी लीलाधरभाऊंच्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि आत जाऊन हुलग्याचं कढण चुलीवर ठेवलं.